शाळेच्या ओसरीवरून : सहलीच्या यादीत मशीद कशाला?

मागच्या अंकात शाळेच्या सहलींबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं. सरकारी शाळेतल्या सहावीच्या मुलांना गावातलं देऊळ, मशीद, चर्च, बुद्धविहार, जे असेल ते आतून दाखवावं आणि मग इतिहासाच्या तासाला त्यावर बोलावं, असं. एसटीची सवलत, डबा, उलटीच्या पिशव्या यांवर मी दोन पानं खर्ची घातली होती, त्यांची कुणी दखलही घेतली नाही. या एका वाक्यावर मात्र पत्रांचा गठ्ठा आला. काहींनी शाबासकी दिली, काहींनी शिव्या घातल्या, पण बऱ्याच जणांना खरोखर काही विचारायचं होतं. शिव्या बाजूला ठेवून बाकीच्यांतली काही पत्रं घेते. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत आहे. तिच्या इतिहासात ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम, पारशी सगळे धर्म आहेत. सरकारी शाळेत धर्म शिकवायला घटनेनं बंदी आहे ना? मग हे चालतं कसं? आणि तुम्ही तर वर मशिदीत न्या म्हणता! – एक पालक, बार्शी

बंदी आहे. कशाला आहे, ते बघू. घटनेचं २८ वं कलम सांगतं की ज्या शाळेचा सगळा खर्च सरकार करतं, तिथे धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. आता धार्मिक शिक्षण कशाला म्हणायचं, हा प्रश्न तुमच्या कितीतरी आधी घटना समितीत निघाला होता. ७ डिसेंबर १९४८ च्या चर्चेत बाबासाहेबांनी त्याचं जे उत्तर दिलं, त्याचा आशय असा : ईश्वर एकच आहे आणि पैगंबर हे शेवटचे प्रेषित आहेत यावर विश्वास ठेवा, असं सांगणं म्हणजे धार्मिक शिक्षण. अभ्यास ही वेगळी गोष्ट. बंदीची कारणंही त्यांनी रोखठोक सांगितली. कर सगळ्यांकडून घ्यायचा आणि त्यातून एकाच धर्माची शिकवण द्यायची, हे बसत नाही. आणि या देशात पंथ इतके, की प्रत्येकाला आपलाच मार्ग खरा वाटतो. शाळेने कुणाकुणाचं ऐकायचं?

तुमच्या मुलीच्या वर्गासाठी २०१६ साली जे पुस्तक आलं, त्यात प्राचीन भारतातल्या धार्मिक प्रवाहांवर एक धडा आहे. जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिश्चन, इस्लाम, पारशी, सगळ्यांवर थोडं थोडं. इस्लामचा पवित्र ग्रंथ कोणता, या प्रश्नाला कुराण असं लिहून तिला एक मार्क मिळतो आणि घरी येऊन ती तुळशीला पाणी घालते. कुठेच काही बिघडत नाही. त्या ग्रंथावर श्रद्धा ठेव असं शाळेने सांगितलं, तर बिघडेल. मग तुम्ही अर्ज घेऊन जा, मी सही करते.

न्यायालयातही हे झालेलं आहे. २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलांना सर्व धर्मांची ओळख करून द्यावी असं होतं. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. सप्टेंबर २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की धर्मांविषयी शिकवणं हे २८ व्या कलमातलं धार्मिक शिक्षण नव्हे. त्या निकालाचा मोठा आधार होता संसदीय समितीचा १९९९ सालचा अहवाल, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते आपले नांदेडचे शंकरराव चव्हाण. त्याही आधी १९५९ मध्ये केंद्र सरकारने याच विषयावर समिती नेमली, ती श्रीप्रकाशांच्या अध्यक्षतेखाली. ते तेव्हा मुंबईचे राज्यपाल होते. म्हणजे हे खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. मात्र धर्माची माहिती आणि धर्माची शिकवण यांच्यातली रेघ बारीक आहे, हा इशाराही त्याच निकालात आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढची पत्रं त्या रेघेवरचीच आहेत.

मशिदीचं म्हणाल, तर नमाज पढायला न्या असं मी म्हटलेलं नाही. बघायला न्या. इतर सहलींसारखंच पालकांचं संमतिपत्र घ्या. ज्यांना नको असेल त्यांची मुलं शाळेत थांबतील. त्यांना टोमणे मारायचे नाहीत.

बाई, मी परतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर तिसऱ्या वर्षी आहे. सहावीचा तो धडा मी वाचून दाखवते, प्रश्नोत्तरं लिहून देते आणि पुढे जाते. खरं सांगायचं तर भीती वाटते. एखादं वाक्य इकडचं तिकडे झालं आणि कुणी मोबाइलवर टाकलं तर? शिकवायचं कसं, ते सांगा.

भीती खरी आहे. उगाच धीर देत नाही. पण तिच्यावर थोडी कागदी तयारी चालते. वार्षिक नियोजनात धडा नावानिशी लिहा. मुख्याध्यापकांना आधी सांगा. पालकसभेत पुस्तकाचं ते पान उघडून दाखवा. पुस्तकातला धडा शिकवताना कुणी हात धरू शकत नाही. पुस्तक मिटून आपण आपल्या मनाचं सांगायला लागतो, तेव्हा अडचणी येतात.

आता शिकवायचं कसं. धडा बाजूला ठेवा आणि मुलांना घरातली जुनी कालनिर्णयं आणायला सांगा. खेड्यात ती हमखास सापडतात, डब्यांखाली अंथरलेली. फळ्यावर आकडे लिहा. २०२२ साली आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, १० जुलैला. पुढच्या वर्षी पुन्हा एकाच दिवशी, २९ जूनला. २०२४ साली मात्र ईद १७ जूनला आणि आषाढी १७ जुलैला. महिन्याचं अंतर पडलं. का पडलं, ते मुलांना शोधू द्या.

चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा कमी. हिजरी वर्ष ते अकरा दिवस भरून काढत नाही, म्हणून ईद दरवर्षी मागे सरकते आणि कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत येते. आपलं पंचांग ती तूट अधिक महिना घालून भरतं. २०२३ साली श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्यामुळे पुढची आषाढी पुढे गेली आणि ईद आपली अकरा दिवस मागे आली. बरं, ईद हिजरीतल्या जिल्हज महिन्याच्या दहाव्या दिवशी आणि आषाढी शुद्ध एकादशीला, तरी दोन्ही एकाच दिवशी कशा? हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे अमावास्येनंतर एखाद दिवसाने. म्हणून तिकडचा दहावा तो इकडचा अकरावा. सहावीची मुलं हे बोटांवर मोजतात आणि त्यांचे डोळे चमकतात. गणित झालं, भूगोल झाला, धर्मही झाला, आणि कुणाच्या श्रद्धेला हातसुद्धा लागला नाही.

तो धागा धरून पुढे जा. २०२३ साली राज्यातल्या अनेक गावांत मुस्लिमांनी आषाढीच्या दिवशी कुर्बानी केली नाही, पुढच्या दिवसावर ढकलली. ती तीन दिवसांत कधीही करता येते, असं मुस्लिम मानतात. हे वर्गात सांगितलं की त्यातला समजूतदारपणाही कळतो आणि नियमही कळतो. एरवी आपण नुसतं कौतुक करतो, नियम माहीतच नसतो.

बोलताना ‘मानतात’ हा आधार सोडायचा नाही. ख्रिश्चन असं मानतात, जैन असं मानतात, वारकरी असं मानतात. स्वतःच्या धर्माबद्दल बोलतानाही तसंच. इथेच बहुतेक शिक्षकांचा पाय घसरतो. दुसऱ्यांचं सांगताना ‘ते मानतात’ म्हणतो आणि आपलं सांगताना नुसतं ‘आहे’ म्हणतो. मोबाइलवर गेलंच तर ‘मानतात’ तुम्हाला वाचवेल.

आणि एक वाक्य वर्गातून हद्दपार करा : सगळे धर्म शेवटी एकच शिकवतात. मला ते वाक्य ऐकलं की अंगावर काटा येतो. बोलणाऱ्याची वृत्ती चांगली असते, पण त्याला काही वाचायचं नसतं. जैन आणि बौद्ध परंपरा जगाचा कर्ता मानत नाहीत. इस्लाम ईश्वराची मूर्ती मानत नाही. आपल्याकडे दर कोसाला देवाचं नाव बदलतं. एकच कुठे आहे? आणि याचा त्रास पोरांना होतो. ‘सगळं एकच’ असं ऐकून वाढलेलं पोर शेजारच्या बाकावरच्या मुलाला गणपतीचा प्रसाद देतं, तो नको म्हणतो, आणि याला वाटतं आपला अपमान झाला. जैन मैत्रीण डब्यातला बटाटेवडा घेत नाही, हिला वाटतं ती शिष्ट आहे. कारण ठाऊक असतं तर एवढ्यावरून गाल फुगले नसते.

मी मिरजेची. गोड उदाहरणं माझ्याकडे पोत्यानं आहेत. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला गाणं होतं, अंबाबाईच्या देवळात नवरात्रात गाणं होतं, आणि दोन्हीकडचे तानपुरे त्याच सतारमेकर गल्लीतले, मुस्लिम कारागिरांनी पंढरपूरकडच्या भोपळ्यातून घडवलेले. पाहुण्यांना आम्ही हे सगळं मोठ्या हौसेने सांगतो. त्याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली आणि संचारबंदी लागली. गाणं दोन्ही बाजूंनी ऐकलेलं होतं. एकमेकांबद्दलची माहिती किती होती, हा वेगळा प्रश्न. म्हणून गोड उदाहरणांवर थांबू नका एवढंच म्हणते.

सहलीचंही सांगते, कारण तुम्हीही न्याल अशी आशा आहे. आमचा सहावीचा वर्ग मशिदीत गेला तेव्हा भिंतीवर ओळीने घड्याळं होती. एक पोरगा मोठ्याने म्हणाला, “बाई, सगळी बंद पडल्यात!” ती चालायची घड्याळं नसतात. प्रत्येक नमाजाची वेळ त्यावर काटे हाताने फिरवून लावलेली असते. तिथल्या वयस्कर व्यवस्थापकांनी हसत सांगितलं की मगरिबचं घड्याळ सारखं बदलावं लागतं, कारण सूर्य रोज वेगळ्या वेळेला मावळतो. मग भिंतीतला कोनाडा पश्चिमेलाच का, यावर नकाशात मक्का शोधणं आलं. वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, नळांपाशी साबण का नाही, हेही विचारून झालं. शेवटी एका मुलीने विचारलं, “मुली कुठं बसतात?” ते गृहस्थ थोडे थांबले आणि म्हणाले, “इथे येत नाहीत, बेटा. घरी पढतात.” मी मध्ये पडून काही सारवासारव केली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलींनी विचारलं, की मग आपल्याकडे कुठल्या देवळात आम्हाला आत सोडत नाहीत. यादी बरीच झाली. पुढे २०१६ साली शनिशिंगणापूरचा चौथरा आणि हाजीअलीची मजार, दोन्हींवर मुंबई उच्च न्यायालयाने बायकांच्या बाजूने सांगितलं, तेव्हा मी निवृत्त झालेली होते. चरफडले, वर्ग हाताशी नव्हता म्हणून.

तुमच्याकडे मशीद, चर्च काही नसेल तर लांबचं शोधू नका. जवळचं आधी. वेरूळ तुम्हाला फार लांब नाही. ३४ लेणी आहेत. पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, शेवटची ५ जैन. एका दिवसात, एकाच डोंगरात. मुलांना तिथे फक्त एक काम द्या : आपण आत्ता कुठल्या धर्माच्या लेण्यात उभे आहोत हे कशावरून ओळखलं, ते लिहा. नांदेडला गुरुद्वारा आहे, तिथल्या लंगरमध्ये जेवून या. ‘जातीवरून पंगत नाही’ हे समजावायला वेगळा तास लागत नाही.

नातवाच्या शाळेत ‘ए फॉर ॲपल’ चालतं, पण एक श्लोक पाठ नाही. मनाचे श्लोक, गीता शाळेत सक्तीने पाठ करून घेतले तर काय बिघडतं? संस्कार तरी होतील. तुम्ही सगळ्या धर्मांचं थोडं थोडं म्हणता, ते म्हणजे धड ना घरचं ना घाटाचं. – निवृत्त बँक अधिकारी, पुणे

आजोबा, मनाचे श्लोक मला पाठ आहेत. अजून अंघोळीच्या वेळी म्हणते, आवाज चांगला लागतो तेव्हा. तेव्हा त्यांच्याशी माझं वैर नाही.

तुम्ही म्हणता तसं सुचवून झालेलं आहे. २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेच्या पाठांतराची सूचना होती. त्यावरून केवढा गदारोळ झाला, ते तुम्ही वाचलं असेलच. गुजरातने २०२२ मध्ये सहावी ते बारावीसाठी गीता आणायचं जाहीर केलं. त्यात माझी अडचण पुस्तकाची नाही, सक्तीची आहे. जिल्हा परिषदेच्या एका वर्गात कोण कोण बसलेलं असतं, ते डोळ्यांपुढे आणा. वारकऱ्याचा मुलगा, लिंगायताची मुलगी, महानुभाव, बौद्ध, मुस्लिम, पारधी. मुस्लिम आणि बौद्ध मुलं क्षणभर बाजूला ठेवली, तरी लिंगायत घरात वचनं म्हणतात, महानुभावांचे ग्रंथ निराळे. हिंदू म्हणून आपण ज्यांना एका रांगेत बसवतो, त्यांचीसुद्धा एकच पोथी नाही. मग सरकारने हुकूम काढून कुठली पाठ करून घ्यायची? संध्याकाळची परवचा घरची होती. शाळेच्या माथी ती आता का मारायची, आई-बाबांना वेळ नाही म्हणून?

श्लोक वर्गात नकोत असं मात्र मी म्हणत नाही. तुकोबांचे अभंग मराठीच्या पुस्तकात कायम आहेत आणि असलेच पाहिजेत. तिथे मुलगा अभंगाचा अर्थ लावतो, यमक बघतो, तुकोबा कुणावर चिडलेत ते ओळखतो. विठ्ठलाला नमस्कार केला नाही म्हणून त्याचे मार्क जात नाहीत. गीतेतले चार श्लोकही असेच यावेत, कविता म्हणून, विचार म्हणून, खुशाल वादासकट. आणि त्याच पुस्तकात श्रीगोंद्याचे शेख महंमदही यावेत. एक मुसलमान संत, इतकी सुंदर मराठी ओवी. गोव्यात येऊन मराठीत ख्रिस्ताची कथा ओव्यांत रचणारा आणि १६१६ साली ती छापून घेणारा इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सही यावा. त्याने मराठी भाषेची जी स्तुती केली आहे ती वाचून आपल्याला अजून गुदगुल्या होतात. धड घरचं म्हणायचं तर हे सगळं आपल्याच घरचं आहे.

पाठांतराने जीभ वळते, हे शंभर टक्के खरं. त्याने संस्कार होऊन कॉपी थांबते, असा मात्र माझा अनुभव नाही. पाठांतरात पहिली आलेली मुलं सुपरव्हिजनला मी पाहिलेली आहेत.

माझी मुलगी अनुदानित शाळेत सातवीत आहे. पाटीपूजनाला सगळ्या मुलींनी सरस्वतीच्या फोटोला फूल वाहून हात जोडायचे असतात. तिने विचारलं, अम्मी, मी काय करू? आम्हाला शाळेशी भांडायचं नाही. शाळा चांगली आहे. – इचलकरंजी

मुलीने आधी तुम्हाला विचारलं, हे फार चांगलं झालं.

शाळेला सरकारचं अनुदान असो किंवा नुसती मान्यता, २८ व्या कलमाचा तिसरा भाग तिला लागू आहे : पालकाच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हा नियम कॉन्व्हेंटमध्ये जाणाऱ्या हिंदू मुलालाही तितकाच लागू आहे, हे मी मुद्दाम सांगते, कारण तिकडचे पालकही मला अशीच पत्रं लिहितात. १९८६ साली केरळमधल्या तीन भावंडांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढलं, न्यायालयाने परत घ्यायला लावलं. आपल्याकडे नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला.

पण न्यायालयाची गोष्ट तुम्ही शाळेत काढू नका, निदान आधी तरी नको. मुख्याध्यापकांना भेटा आणि सोबत चार ओळींचं साधं पत्र द्या : आमची मुलगी कार्यक्रमाला बसेल, शांत बसेल, फूल वाहणार नाही, हात जोडणार नाही, कृपया तिला वर्गात त्यावरून काही बोललं जाऊ नये. पत्राची पोच घ्या. बहुतेक मुख्याध्यापक ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणतील आणि विषय संपेल. फूल नाकारायची जबाबदारी मुलीवर टाकू नका. बारा वर्षांच्या पोरीला अख्ख्या वर्गासमोर एकटं उभं करायचं नसतं, तिच्या बाजूने मोठ्यांनी आधी बोलून ठेवायचं असतं. आणि पाटी, पेन्सिल, पुस्तकं मांडायच्या कामात तिला हौस असेल तर जरूर घेऊ द्या.

तुमच्या निमित्ताने शिक्षकांना एक सांगते. आपण पाटीपूजन का करतो ते मुलांना समजावून सांगा, आणि तुमच्याच वर्गातल्या मुलीला विचारा की तिच्या घरी मूल पहिल्यांदा शिकायला बसतं तेव्हा काय करतात. अनेक मुस्लिम घरांत बिस्मिल्लाचा छोटा समारंभ होतो. ते ऐकायला मुलांना फार आवडतं.

धर्माने आधीच घराघरात, टीव्हीवर, रस्त्यावर जागा अडवली आहे. आता शाळेचा तासही त्याला द्यायचा? त्यापेक्षा विज्ञानाचे प्रयोग वाढवा. – चळवळीतला कार्यकर्ता, सातारा

प्रयोग वाढवाच. प्रयोगशाळेतलं कुलूप गंजलेलं मी अनेक शाळांत पाहिलंय.

पण जोतिबा फुले शिकवायचे कसे, ते मला सांगा. सत्यशोधकांनी भटाशिवाय लग्न लावलं म्हणजे काय केलं, हे कळायला आधी भटाकडून लागणाऱ्या लग्नात काय होतं ते ठाऊक हवं. महाडला मार्च १९२७ मध्ये पाण्याला हात लावला आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळली, यातलं दुसरं पोरांना का कळावं, जर त्या पोथीत काय आहे हे कुणी सांगितलंच नसेल? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा वाचा. त्यातल्या कितीतरी एकेका देवाचं, एकेका विधीचं नाव घेऊन आहेत. श्राद्ध, पिंडदान म्हणजे काय हे माहीत नसलेल्या मुलाला ती प्रतिज्ञा म्हणजे नुसते शब्द. हमीद दलवाईंनी तलाकच्या प्रश्नावर मोर्चा काढला, तर तलाक कसा चालतो हे समजल्याशिवाय त्यांचं धाडस मुलांना कसं दिसणार?

चळवळीतल्या माझ्या मित्रांना मी हे नेहमी म्हणते : धर्माची माहिती शाळेने दिली नाही, तर ती व्हॉट्सॲपवर मिळते. तिथे ‘मानतात’ नसतं.

एक मात्र तुमचं बरोबर. हा विषय नुसता गुणगानाचा झाला, तर तास वाया. जात, बायकांवरची बंधनं, धर्मांतरं, पंथापंथांतली भांडणं, हे सगळं त्यात आलंच पाहिजे, आणि प्रत्येक धर्माचं आलं पाहिजे, एकाचंच नव्हे.

आम्ही लेस्टरला असतो. मुलाच्या शाळेत ‘रिलिजस एज्युकेशन’चा तास असतो. दिवाळीबद्दल शिकवलं : राम अयोध्येला परत आला, म्हणून दिवे लावतात. मुलगा घरी येऊन म्हणाला, मग आपण किल्ला का करतो? आणि चिरांटं, म्हणजे कारीट, का फोडतो? आम्ही चुकीची दिवाळी करतो का?

वा! मुलाला माझ्याकडून शाबासकी.

इंग्लंडमध्ये हा विषय १९४४ च्या कायद्यापासून सक्तीचा आहे. १९८८ च्या कायद्याने त्यात ख्रिस्ती धर्म मुख्य आणि इतर मोठे धर्मही घ्यायचे, असं ठरलं. नको असेल तर पालक मुलाला त्या तासातून काढून घेऊ शकतात. अभ्यासक्रम मात्र लंडनहून येत नाही, प्रत्येक स्थानिक प्रशासन आपापला ठरवतं, आणि त्यासाठी सल्लागार मंडळ असतं. त्यात चर्चचे, शिक्षकांचे आणि इतर धर्मांचेही प्रतिनिधी बसतात. मला ही पद्धत आवडते. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्याला असं मंडळ बसलं, तर पहिल्या बैठकीत काय होईल ते सांगवत नाही, पण निदान भांडण मुलांसमोर न होता टेबलावर होईल.

तुमच्या शिक्षिकेचं चुकलं नाही, अपुरं पडलं. दिवाळी गुजरातची वेगळी, बंगालची वेगळी, तिथे तर कालीपूजा असते. आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासरू, नरकचतुर्दशीला नरकासुर म्हणून पायाखाली चिरडलेलं चिरांटं, पाडव्याला बळी. बळीला तर आपण ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणून बोलावतो. रामाची कथा त्यात जवळजवळ नसतेच. हे शिक्षिकेला सांगा, तक्रारीच्या सुरात नको. उटण्याचं पाकीट आणि मुलाच्या किल्ल्याचा फोटो घेऊन जा. आणि तुमच्या महाराष्ट्र मंडळाने त्या सल्लागार मंडळात आपलाही माणूस बसवता येतो का, ते विचारावं. नुसती गणपतीची आरती मोठ्याने म्हणून उपयोग नाही.

आपणही हेच करतो, बरं का. सहावीच्या पुस्तकात ‘ख्रिश्चन’ म्हटलं की डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. वसईचा सामवेदी ख्रिश्चन, नगरचा मराठी प्रोटेस्टंट आणि मडगावचा कॅथलिक यांना एका बाकावर बसवलं तर सण, जेवण आणि प्रार्थनेची भाषा सगळ्यात फरक निघेल. रायगडच्या बेने इस्रायलींना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. अलिबागजवळच्या शाळेत ज्यू धर्म जेरुसलेमपासून सुरू करायची काही गरज नाही.

मी आठवीत आहे. वर्गात मी विचारलं, देव खरंच आहे का? सर म्हणाले, गप्प बस, आगाऊपणा नको. मी चुकीचं विचारलं का? – चिपळूण

नाही, बाळा. पण सरांची बाजूही ऐक. सरकारी शाळेतले सर तुला ‘हो, आहे’ असंही सांगू शकत नाहीत आणि ‘नाही’ असंही नाही. ते त्यांचं कामच नव्हे. त्यांना बहुधा तिसरं उत्तर सुचलं नाही, म्हणून ते चिडले. आठव्या तासाला माणूस दमलेला असतो.

तिसरं उत्तर असं. आपल्याच देशात या प्रश्नावर फार जुना वाद आहे. चार्वाक म्हणत, देव नाही आणि परलोकही नाही. जैन म्हणतात, जग कुणी निर्माण केलेलं नाही. न्यायदर्शनातले, म्हणजे तर्कशास्त्राचे, पंडित म्हणत, मडकं आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग आहे म्हणजे ईश्वर असणार. बौद्ध पंडितांनी ते खोडून काढायला शेकडो वर्षं घालवली. तेव्हा पुढच्या वेळी सरांना असं विचार : सर, ईश्वर आहे असं न्यायवाले कशावरून म्हणत, आणि बौद्ध त्याला काय उत्तर देत? मधल्या सुट्टीत विचार, स्टाफरूमच्या दाराशी. सरांना ठाऊक नसेल, तर मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे. ‘चार्वाक’पासून सुरुवात कर, आणि कुठे अडलं तर मला लिही.